पुराआधी गावाची पाहणी: फॉर्म शेवटी भरा, आधी वाड्यावाड्यात फिरा

गोव्यातल्या म्हादई नदीकाठच्या तुमच्या पंचायतीत पावसाआधी सर्वे करायचाय, गावात कोणाला धोका जास्त आणि गावाची स्वतःची ताकद किती ते काढायचंय, म्हणून तयार फॉर्म मागितलाय. रेड क्रॉसच्या पद्धतीचा फॉर्म मिळेल, पण तो शेवटी भरायचा.

आधी नदीकडून वर चालत जा आणि सोबत 1982 चा पूर बघितलेलं कोणीतरी घ्या. 23 जुलै 2021 ला सत्तरी, डिचोली, फोंड्यात पाणी भरलं तेव्हा 1982 नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हणत होते, म्हणजे दोन्ही पुरांच्या खुणा सांगणारी माणसं गावातच आहेत. "पाणी खंय मेरेन आयिल्लें" (पाणी कुठपर्यंत आलं होतं) एवढंच विचारा, बायका लगेच ओटीवर चढून भिंतीवर हात ठेवून दाखवतात, तिथे खडूने रेघ मारा आणि टेपने मोजा. किती वेळात चढलं, कुठून आलं तेही विचारा, कारण पुष्कळदा पाणी समोरून नदीतून येत नाही, मागच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, उलटं चढतं आणि नकाशात सेफ वाटणारं घरच आधी अडकतं. खालच्या अंगाला असाल तर भरती बघाच. 2021 चा तो दिवस गुरुपौर्णिमेच्या आदला होता, मोठी भरती असली की पाण्याला उतरायला वाटच मिळत नाही. शापोरा नदीकाठी अजून वेगळं, ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी धरणाचं पाणी सोडलं तेव्हा पेडणे, डिचोलीतली गावं बुडाली, तिथे पहिला प्रश्न हा की धरणावरून निरोप गावात नक्की कोणाच्या फोनवर येतो.

आता माणसं. पाणी सगळ्यांच्या दारात सारखंच येतं, पण स्लॅबच्या घरातला वर जाऊन बसतो आणि मातीच्या भिंतीच्या घरातल्या मुंडकाराची (भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याची) भिंत पाणी उतरल्यावर दोन दिवसांनी कोसळते. भाड्याच्या खोल्यांतले बाहेरून आलेले कामगार तर मतदार यादीत नसतात म्हणून सर्वेत पण नसतात, त्यांच्याकडे मुद्दाम जा, त्यांना अनाउन्समेंट कोणत्या भाषेत कळेल ते विचारा. बायकांशी वेगळं बसून बोला, पुरुष समोर असले की त्या गप्प राहतात. गुरांमुळे कितीतरी लोक घर सोडत नाहीत हे मला बायकांकडूनच कळलं, म्हणजे गुरांसाठी उंचावरची जागा ठरवली नाही तर माणसं पण हलणार नाहीत.

आणि ताकद मोजताना फार सांभाळा, इथेच सगळे चुकतात. एका गावात निवारा म्हणून शाळा लिहिलेली, छान पक्की इमारत, चावी कोणाकडे विचारलं तर शिपायाकडे, आणि शिपाई राहतो पुलाच्या पलीकडे, पूल बुडाल्याशिवाय तर निवाऱ्याची गरजच पडत नाही! तरुणांची लांबलचक यादी, त्यातली बरीच मुलं होंडा-पिसुर्लेच्या फॅक्टरीत नाइट शिफ्टला. म्हणून प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लावा: रात्रीचे दोन वाजलेत, पाऊस थांबत नाही, लाइट नाही, रेंज नाही, आत्ता हे कोणाच्या हातात आहे? ह्यात जे टिकेल तेवढंच लिहा. उलट कागदावर कधी न येणाऱ्या गोष्टी सापडतात, होडी चालवणारा, पिकअपवाला, देवळाची अग्रशाळा (भक्तांच्या उतरण्याची इमारत) आणि तिथली मोठी भांडी, भजनी मंडळाचा बॅटरीवर चालणारा स्पीकर, निवृत्त नर्स. महाप्रसादाला शेकडो माणसांचं जेवण शिजवणारा गाव हा, तेच लोक पुरातलं स्वयंपाकघर चालवतील, त्यांना आधी विचारून नावं घाला.

हे सगळं मे महिन्यात उरका, मिरग लागला की कोण शेतात कोण कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), कोणी भेटत नाही. एक कॉपी मामलेदारांकडे द्या आणि रिसिव्ह्डचा शिक्का घ्या, एक गावातल्या पोसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, लावा. शाळेची दुसरी चावी पुलाच्या अलीकडच्या कुठल्या घरात राहणार ते पंचायतीच्या ठरावात नावानिशी लिहून घ्या.