नेहमीच्या विषयांबरोबर कारागिरीही शिकवणारी टेक्निकल हायस्कुलं मागे का पडली?

मुख्य कारण म्हणजे शिक्षणाचा आकृतिबंधच बदलला. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या, त्यांत तांत्रिक शाखाही होती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षं सामान्य शिक्षण द्यावं, वेगवेगळ्या शाखा त्यानंतर, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९७५ला अकरावीऐवजी दहावीची शालान्त परीक्षा आली आणि कारागिरीकडे जाणारी मुलं आयटीआय, डिप्लोमाकडे वळली. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे. व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) धातूची पट्टी धरून कानशीने घासायची, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून फटीतून उजेड येतो का बघायचं, याची सवय त्या वयातच हाताला लागते. मात्र सगळीच बंद पडलेली नाहीत. काही ठिकाणी तांत्रिक विषय अजून शिकवतात.