वंदे भारतचा आवाज मोबाइलवर मोजला, तो खरा धरायचा का?

प्रश्न: आमचं घर विश्रामबाग स्टेशनपासून जवळच, रुळाकडेला. परवा गच्चीवरनं वंदे भारत जाताना मोबाइलच्या अ‍ॅपवर 88 डेसिबल दाखवलं, मालगाडीला तर त्याहून जास्त! ते कसं काय? आणि उद्या इथनं ताशी 300 ची गाडी गेली तर आवाज तिप्पट होणार का, कंपाउंडची भिंत उंच केली तर थांबेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मालगाडीचं आधी सांगतो. पळत्या गाडीचा बराचसा आवाज इंजिनाचा नसतोच, चाक आणि रुळाचा असतो, दोघांवर बारीक बारीक उंचवटे असतात त्यानं दोन्ही थरथरतात. मालगाडीचे ब्रेक ब्लॉक थेट चाकावर दाबले जातात, चाक खरबरीत होतं. वंदे भारतला डिस्क ब्रेक आहेत, ते वेगळ्या तबकडीवर दाबतात, म्हणून चाक त्यामानानं गुळगुळीत राहतं.

आता तुमचं 88. किती अंतरावरनं, किती सेकंदांचं? मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यात वारा लागला, मागं भिंत असली की आकडा आणखी हलतो. आयएसओ 3095 या गाड्यांचा आवाज मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माइक रुळाच्या मध्यापासून 7.5 मीटरवर आणि रुळाच्या माथ्यापासून 1.2 मीटर उंच लावतात, मीटर आधी कॅलिब्रेट करून, म्हणजे ठरावीक आवाजाशी जुळवून. पण खरी गंमत सरासरीत आहे बघा. 200 मीटरची गाडी ताशी 100 नं साधारण 7 सेकंदांत जाते, तेवढा वेळ 88 धरलं आणि तासाभरावर पसरलं की उरतं 61, बाकी सगळं शांत धरून. दोन्ही आकडे खरेच, ज्याला जो सोयीचा तो तो सांगतो. (आपल्याकडं 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या भागाला दिवसा 55, रात्री 45 आहे, तेही सरासरीचंच.) जपानमध्ये शिंकान्सेनसाठी, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनसाठी, 1975 पासून वेगळा हिशोब, ओळीनं 20 गाड्यांचा सगळ्यात मोठा आवाज घ्यायचा, त्यातल्या वरच्या निम्म्यांची सरासरी काढायची, राहत्या भागात ती 70 च्या आत हवी. मला तरी हे जास्त पटतं, मध्यरात्री दचकून उठलेल्या माणसाला तासाची सरासरी काय सांगणार?

तिप्पट म्हणाल तर डेसिबल असे गुणत नाहीत. वेग दुप्पट झाला की चाकाचा आवाज साधारण 9 डेसिबलनं वाढतो, म्हणजे 100 वरनं 300 ला 14 च्या आसपास, कानाला अडीचपट वगैरे वाटेल. पण 300 च्या पुढं हवेचा आवाज वरचढ व्हायला लागतो, नाकाडावरनं, बोगीतनं, पँटोग्राफवरनं (टपावरचा तारेतनं वीज घेणारा सांगाडा), आणि तो वेग दुप्पट झाल्यावर 18 किंवा जास्तच चढतो, त्यामुळं वंदे भारतचा आकडा ताणून 350 चा काढता येत नाही. म्हणून युरोपच्या क्नॉसॉस या आवाजाचा हिशोब काढायच्या मॉडेलमध्ये गाडीला दोन उंचीवर आवाज धरतात, रुळापासून 0.5 मीटर आणि 4 मीटर.

भिंतीचंही त्यावरच आहे. खालचा आवाज ती अडवेल, पँटोग्राफचा वरनं येणारच. आणि भिंत बांधूनही गच्चीवरनं रूळ दिसत असेल तर गच्चीवर फारसा फरक नाही, खालच्या खोलीत पडेल.