‘मला मुलांचाच राग येऊ लागलाय, मॅडम’

प्राथमिक शिक्षक माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते झोप लागत नाही, पित्त वाढलंय असं सांगत. खरी चिंता दोन-तीन भेटींनंतर बाहेर येते: माझ्यातला शिक्षक संपला का?

नाशिकच्या गंगापूर रोडला माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी ते पहिल्याच भेटीत विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पेठ तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, नाशिकहून रोजचं अप-डाउन, 2004 पासूनची नोकरी. तिसरीतल्या एका मुलाची वही पावसात भिजली होती. चिकटलेली पानं तो नखाने एकेक सोडवत बसला होता. ताई त्याच्यावर एवढ्या ओरडल्या की पोरगं दप्तर तिथंच टाकून घरी पळालं. “तेव्हाच ग्रुपवर मेसेज आला होता, तातडीने माहिती भरा. ओरडले मात्र त्याच्यावर,” म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या न उतरलेल्या ताणातून आलेली अवस्था म्हणून केली. तिच्या तीन खुणा: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन कोरडं पडणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. ताईंमध्ये पहिल्या दोन ठळक होत्या. पण पहिलीतली एक मुलगी जोडाक्षर वाचू लागली, हे सांगताना त्यांचा आवाजच बदलला. ज्याची ओढ संपलेली असते तो असा सांगत नाही. माझ्या मते त्यांची शिकवण्याची इच्छा शाबूत होती, शिकवायला वेळ उरत नव्हता.

म्हणून आठवडाभर दिवसाची नोंद ठेवायला सांगितली. फळ्यापाशी किती वेळ, मोबाइल आणि कागदांपाशी किती. नोंद बघून त्या स्वतःच गप्प झाल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. पण पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहित्या रोजच्याच. त्या मी थांबवू शकत नाही. तरी सहकारी गुरुजींशी बोलून त्यांनी एवढं ठरवलं: परिपाठानंतरचा पहिला तास मोबाइल कपाटात, आणि माहिती भरायचे दिवस दोघांत वाटलेले.

दुसरा ताण टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा पास होणं बंधनकारक केलं. “इतकी वर्षं शिकवलं ते फुकट?” हा अपमान मला पूर्ण समजतो, आणि तो अभ्यासाच्या आड येत होता. त्यांची भाची शिक्षिका होण्यासाठी डी.एल.एड. ही पदविका करतेय. आत्याचे हाल बघून तीही डगमगली होती. मी दोघींना एकत्र बसवलं. भाचीला बालमानसशास्त्राच्या व्याख्या पाठ, आत्याला त्या व्याख्यांतली मुलं माहीत. रविवारी दोघी मिळून अभ्यास करू लागल्या.

ताईंची झोप सुधारलीय, चिडचिड अजून अधूनमधून होते. त्या मुलाशी त्या बोलल्या, त्याला नवी वही दिली. तुम्हाला असंच होत असेल तर आधी तो आठवडा लिहून काढा. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल तर थांबू नका, 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं.