स्पॅनिशमधला भूतकाळ आणि आपले ‘करत होते’

प्रश्न : मी पिथमपूरच्या एका औषध कारखान्यात चार वर्षे गुणवत्ता विभागात होते, आमच्या गटात आम्ही चौघी होतो. आता मेक्सिकोशी व्यवहार असलेल्या एका कंपनीत माझी मुलाखत आहे आणि काही प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारले जाणार आहेत. गटातल्या कामाविषयी सांगताना मी कधी ‘त्राबाखाबा’ (काम करत असे) म्हणते, कधी ‘त्राबाखे’ (काम केले), आणि शिक्षिका दोन्ही वेळा चूक दाखवतात. कोठे काय म्हणावे?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : हा गोंधळ बहुधा इंग्रजीतून स्पॅनिश शिकल्याने झालेला आहे, कारण ‘वर्क्ड’ या एकाच रूपाला तेथे ही दोन्ही कामे करावी लागतात. मराठीत ‘भेटत असू’ आणि ‘भेटलो’ हा भेद आपण लहानपणापासून पाळतो, आणि पुष्कळदा तोच येथे उपयोगी पडतो. गटाची रीत सांगताना ‘दर सोमवारी आम्ही भेटत असू’ याला ‘नोस रेउनियामोस तोदोस लोस लुनेस’ म्हणावे. पण ‘एके दिवशी यंत्र बंद पडले आणि आम्ही ते दोन दिवसांत दुरुस्त केले’ ही घटना असल्याने तेथे ‘उन दिआ से पारो ला माकिना इ ला रेपारामोस एन दोस दिआस’ असे येते. मुलाखत घेणाऱ्यांना घटनाच ऐकायची असते, तेव्हा रीत दोन वाक्यांत आटोपावी.

मात्र एका ठिकाणी मराठी दगा देते. ‘मी तेथे चार वर्षे काम करत होते’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्या ‘करत होते’वर विसंबून तुमच्या तोंडी ‘त्राबाखाबा’ येत असावे. स्पॅनिशमध्ये संपलेला कालावधी मोजून सांगितला की तो कितीही लांब असला तरी ‘त्राबाखे आयी क्वात्रो आन्योस’ असेच म्हणतात. (येथे ‘न्य’ स्पष्ट उच्चारावा, नुसते ‘आनोस’ म्हटल्यास चारचौघांत न उच्चारण्याजोग्या अवयवाचे नाव होते.)

आपण इंदूरकर हिंदीच्या शेजाराने ‘किया था’च्या चालीवर साध्या गोष्टीलाही ‘केले होते’ म्हणतो आणि मग स्पॅनिशमध्ये ‘आबिया त्राबाखादो’ म्हणून बसतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या या ‘आबिया’ने भरलेल्या आहेत. ते रूप भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधी घडलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवावे, जसे ‘यंत्र बंद पडले तोवर आम्ही अहवाल पाठवला होता’.

‘रेपारामोस’चा अर्थ ‘आम्ही दुरुस्त करतो’ असाही होतो, त्यामुळे ‘एल आन्यो पासादो’, म्हणजे गेल्या वर्षी, असा काळ जोडावा. तुम्ही चौघीच होतात, तेव्हा ‘आम्ही’साठी ‘नोसोत्रोस’ नव्हे, ‘नोसोत्रास’. शिवाय मराठीत ‘चाचण्या केल्या’ म्हणताना क्रियापद चाचण्यांमागे जाते, स्पॅनिशमध्ये ते करणाऱ्यामागे जाते. म्हणून एरवी ‘मी’ गाळला तरी चालतो. पण गटाच्या कामातला स्वतःचा वाटा सांगताना तो मुद्दाम उच्चारावा : ‘यो मे एन्कार्गे दे लास प्रुएबास’, म्हणजे चाचण्यांची जबाबदारी मी घेतली.