१३ गुणांवर अडकणाऱ्या खेळाडूला रॅकेटबॉल कसा शिकवावा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या जिममधल्या चार जणांना तुम्ही रॅकेटबॉल, म्हणजे बंद खोलीसारख्या कोर्टात रॅकेटनं चेंडू भिंतीवर मारत खेळायचा खेळ, शिकवायला घेतलंय. चौघंही भारतातून आलेले, कुणी बॅडमिंटन खेळलेलं, कुणी फक्त गल्लीतलं क्रिकेट. सरावात त्यांचे फटके बघत राहावेत असे बसतात, पण लीगच्या सामन्यात १३-९ असा हातात आलेला गेम १३-१५ ने घालवून बाहेर येतात. यांचं मन खंबीर कसं करायचं आणि तोवर तंत्राचं काम थांबवायचं का, असं तुम्ही विचारलंय.

मी अमेरिकेत मिनिआपोलिसजवळ राहतो. हा खेळ २१ वर्षं खेळतोय आणि त्यातली १२ वर्षं शिकवतोय. माझं मत सरळ सांगतो. १३ वर मन खचलं असं आपल्याला वरून दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा फटक्याची निवड बिघडलेली असते. निवड डोळ्यांना लगेच दिसत नाही, लिहून काढली की दिसते. म्हणून मन आणि तंत्र दोन्ही बाजूला ठेवून आधी एक वही घ्या.

पुढच्या सामन्यात तुमच्या खेळाडूनं हरलेल्या प्रत्येक रॅलीची, म्हणजे सर्व्हपासून चेंडू मरेपर्यंतच्या खेळाची, एक ओळ लिहा. शेवटचा फटका त्यानं कोणत्या उंचीवर घेतला: गुडघा, कंबर की खांदा? मारताना पाय थांबले होते की तो धावत होता? आणि काय मारायला गेला होता? एवढंच. ‘वाईट फटका’, ‘घाई केली’ असले शेरे लिहू नका, त्यांनी पुढे काहीच करता येत नाही. दोन गेमची वही भरली की ती त्याच्या हातात द्या आणि त्यालाच वाचू द्या.

माझ्याकडे नाशिकचा एक मुलगा होता, जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळलेला. हात विजेसारखा. त्यानं स्वतःची वही वाचली आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बराच वेळ गप्प बसून राहिला. खांदा, धावत, किल. खांदा, धावत, किल. पानभर तेच. (किल म्हणजे पुढच्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी मारून रॅली संपवायचा फटका.) ‘काका, मी खांद्यावरून किल मारतोय हे मला खेळताना कळतच नाही,’ म्हणाला. त्या दिवशी मला त्याच्या मनोबलावर एक शब्दही बोलावा लागला नाही.

हे असं का होतं, ते मुलांना समजावून सांगा. १९५० मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या ग्रिनिच इथं वायएमसीएमध्ये जो सोबेक यांनी हा खेळ बसवला, तो हँडबॉलच्या, म्हणजे हातानं चेंडू भिंतीवर मारायच्या खेळाच्या, कोर्टावर. त्यामुळे ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि २० फूट उंच अशा या खोलीत छतसुद्धा खेळात आहे, आणि स्क्वॉशसारखी पुढच्या भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची पट्टी नाही. चेंडू भिंतीला जमिनीपासून दोन इंचांवर लागला तरी चालतो. तिथून तो परत घेणं जवळपास अशक्य, म्हणून सगळ्यांना किल मारायची भुरळ पडते. पण खांद्याच्या उंचीवरून तिथं मारायचं तर चेंडू तिरका खाली उतरवावा लागतो. जरा कमी उतरला तर भिंतीवरून वर येतो आणि समोरच्याला आयता मिळतो. जास्त उतरला तर भिंतीआधीच जमिनीला लागतो आणि रॅली संपते. गुडघ्याखालून मारलेला चेंडू मात्र जमिनीला जवळजवळ समांतर जातो, त्याची थोडी चूक माफ होते. सरावात तुम्ही चेंडू हातानं सोडून देता, तो आपोआप गुडघ्यावर येतो, म्हणून सरावात सगळे सुंदर मारतात. सामन्यात चेंडू सोडून देणारं कुणी नसतं.

त्या मुलाकडून मी पुढचे दोन शनिवार पहिली पंधरा मिनिटं रॅकेटच काढून घेतली. मी चेंडू असा मारायचा की तो मागच्या भिंतीवर आपटून परत पुढे येईल. त्यानं चेंडूबरोबर मागे जायचं, भिंतीवरून निघालेल्या चेंडूबरोबरच पुढे सरकायचं आणि तो गुडघ्याखाली आला की हातात झेलायचा. मारायचं नाही. पहिल्या दहा चेंडूंपैकी आठ त्यानं छातीशी धरले. बॅडमिंटनमध्ये शटल खाली येऊ देणं म्हणजे गुन्हा, ते पाय आणि डोळे इतक्या वर्षांची सवय एका सकाळी कशी सोडतील? मी त्याला ‘थांब’ असं ओरडून सांगत नव्हतो, फक्त मोठ्यानं उंची सांगत होतो: छाती, छाती, कंबर. दुसऱ्या शनिवारी तो स्वतःच पुटपुटायला लागला. मग रॅकेट दिली.

क्रिकेटवाल्यांसाठी वेगळी किल्ली आहे. पॉइंटवर पळत येऊन, वाकून चेंडू उचलून, सरळ उभं न राहता बाजूनं हात फिरवून स्टंपवर थ्रो करतो ना, तोच रॅकेटबॉलचा फोरहँड. कोपर आधी पुढे येतं, मनगट शेवटी सुटतं, वजन पुढच्या पायावर. मी त्यांना मोकळ्या हातानं दहा थ्रो करायला लावतो आणि मग काही न बोलता हातात रॅकेट देतो. पुस्तकी शब्दांपेक्षा हे पटकन उतरतं. बॅकहँडला मात्र सोपी वाट नाही. पकड किंचित बदलणं आणि खांदा पूर्ण वळवणं रोजच्या रोज घोकून घ्यावं लागतं.

आता १३ गुणांचं. तुमच्याकडे जुन्या पद्धतीनं खेळतात असं दिसतं: गेम १५ चा आणि गुण फक्त सर्व्ह करणाऱ्याला. मग तुमच्या पोरांना हे कुणी सांगितलंय का, की सर्व्ह आपली असताना हरलेली रॅली आणि सर्व्ह समोरच्याची असताना हरलेली रॅली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? आपली सर्व्ह असताना किल चुकला तर सर्व्ह जाते, गुण जात नाही. समोरच्याच्या सर्व्हवर तोच किल चुकला तर त्याच्या खात्यात गुण चढतो. १३-९ वर ‘आता दोनच’ असं डोक्यात बसतं आणि खेळाडू सर्व्ह कुणाची आहे हे विसरून प्रत्येक चेंडू संपवायला धावतो. समोरच्याचे चार-पाच गुण अशा वेळी आपणच देतो. तुमच्या वहीत चौथा रकाना घाला: सर्व्ह कुणाची होती. मला खात्री आहे, तुम्हाला तिथंच उत्तर सापडेल.

म्हणून माझा नियम. समोरच्याची ड्राइव्ह सर्व्ह, म्हणजे जोरदार आणि खालून येणारी सर्व्ह, आली आणि पाय पोचले नाहीत, तर चेंडू छताला. पुढच्या भिंतीच्या जरा अलीकडे छतावर लागलेला चेंडू भिंतीवरून खाली येऊन उंच टप्पा घेतो आणि समोरच्याला मागच्या कोपऱ्यात रेटतो. तो बहुतेकांच्या बॅकहँडच्या बाजूला पाठवायचा. दिसायला काहीच नाही, टाळ्याही मिळत नाहीत, पण तेवढ्यात आपण मधे येऊन उभे राहतो. या छतावरच्या फटक्याचा, म्हणजे सीलिंग बॉलचा, सराव कुणालाच आवडत नाही. तरी प्रत्येक सत्रात तो घ्याच: दोघांनी फक्त छतावरूनच खेळायचं, कोपरा सुटला की गुण गेला.

मधे उभं राहणं म्हणजे कुठे, हेही दाखवून द्यावं लागतं. नवीन माणूस पुढच्या भिंतीपासून २० फुटांवरच्या शॉर्ट लाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मधल्या रेघेवर, जाऊन उभा राहतो, कारण तीच रेघ ठळक दिसते. जागा आहे २५ फुटांवरच्या तुटक रेघेच्या एक-दोन पावलं मागे. सर्व्ह केल्यावर तिथवर येईपर्यंत सर्व्ह पुरी झाली असं मानायचं नाही. आणि तिथं उभं राहून पुढच्या भिंतीकडे टक लावायची नाही. खांद्यावरून मान वळवून मागचा खेळाडू कसा मारतोय ते बघायचं, रॅकेट चेहऱ्याजवळ धरून. गॉगलशिवाय कुणालाही कोर्टात पाऊल टाकू देऊ नका, पाच मिनिटांच्या वॉर्मअपलासुद्धा नाही. मनगटाची दोरीही तशीच सक्तीची. यात मी कधीही सूट दिलेली नाही.

तुमचा खरा प्रश्न मनाचा होता, त्यावर येतो. मन खंबीर कर असं सांगून ते होत नाही. हातांना काहीतरी करायला द्यावं लागतं. स्कोअर पुकारल्यावर १० सेकंदांच्या आत सर्व्ह व्हायला हवी, असा नियम आहे. त्या १० सेकंदांचं काय करायचं, ते प्रत्येकाचं ठरवून द्या आणि सरावातसुद्धा तसंच करून घ्या. माझी पद्धत अशी: भिंतीकडे तोंड करून एक श्वास पूर्ण सोडायचा, रॅकेटच्या तारा सारख्या करायच्या, कोणती सर्व्ह कुठल्या कोपऱ्यात ते मनात ठरवायचं, चेंडू दोनदा टप्पा देऊन सर्व्ह. आपण सर्व्ह घेणारे असू आणि तयार नसू, तर रॅकेट डोक्याच्या वर धरायची, तेवढी सवलत नियमातच आहे. घाईत सर्व्ह करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे पोरं फरफटत जातात, कारण ही सवलत कुणी वापरतच नाही. टाइमआउटचंही तेच. १५ च्या गेममध्ये ३० सेकंदांचे तीन मिळतात आणि बहुतेक जण ते न वापरताच हरतात. लागोपाठ तीन गुण गेले की टाइमआउट घ्यायचा, मनाला वाटो न वाटो, असं आधीच ठरवून ठेवा.

आणि आता तुमच्यासाठी, म्हणजे शिकवणाऱ्यासाठी. ही चूक मी स्वतः काही वर्षं केली. आमच्या कोर्टाला मागच्या भिंतीच्या वर गॅलरी आहे. मी तिथं कठड्याला रेलून प्रत्येक गुणानंतर काही ना काही सांगायचो. एक सोळा वर्षांची मुलगी होती, फार समजून खेळणारी. एका स्पर्धेत तिच्या सामन्याचं चित्रीकरण तिच्या आईनं केलं आणि घरी ते बघताना मला जे दिसलं त्यानं फार वाईट वाटलं. प्रत्येक गेलेल्या गुणानंतर तिची मान वर जात होती, गॅलरीकडे. १० सेकंदांतले पाच-सहा ती माझा चेहरा वाचण्यात घालवत होती. तिच्या सर्व्हचा विचार तिनं करायचा तर वेळच कुठे होता?

पुढच्या सामन्याला मी तिला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसलो. दोन गेमच्या मधे ती आली तेव्हा एकच प्रश्न विचारला: ‘तुला काय दिसतंय?’ ती म्हणाली, समोरची माझ्या लॉब सर्व्हला (उंच, सावकाश जाणाऱ्या सर्व्हला) पुढे येऊन मारते, मागे थांबत नाही. मला वरून ते दिसलंच नव्हतं. ‘मग?’ एवढंच म्हणालो. तिनं लॉब थोडी उंच आणि भिंतीला चिकटून टाकायला सुरुवात केली. सामना ती हरली, पण त्या दिवसापासून तिची मान वर गेली नाही. तेव्हापासून माझा दंडक आहे: रॅली चालू असताना तोंड बंद, गुणांच्या मधे तोंड बंद, मधल्या विश्रांतीत एक प्रश्न आणि फार तर एक सूचना.

व्हिडिओ दाखवायचे असतील तर कॅनडाचा केन वॉसेलनचुक आणि मेक्सिकोची पाओला लोंगोरिया यांचे सामने दाखवा, पण आधी सांगून ठेवा की पहिल्या वेळी चेंडू बघायचा नाही, फक्त पाय बघायचे. चेंडू पोचण्याआधी रॅकेट मागे गेलेली असते आणि पाय थांबलेले असतात, हे एकदा दिसलं की पुन्हा पुन्हा दिसत राहतं. वॉसेलनचुक डावखुरा आहे, हे पोरांना सांगून ठेवा, नाहीतर बाजू उलट्या वाटतात.

तासाचं सत्र कसं बसवायचं असं तुम्ही शेवटी विचारलंय. पहिली दहा मिनिटं चेंडू गरम करायला जाऊ द्या. इकडच्या हिवाळ्यात गाडीत राहिलेला चेंडू दगडासारखा मंद उसळतो, आणि त्याच्यावर टायमिंग बसवलं की पुढे सगळं चुकतं, म्हणून मी चेंडू कोटाच्या आतल्या खिशात आणतो. मग पंधरा मिनिटं एकच तांत्रिक गोष्ट, दहा मिनिटं सीलिंग. उरलेला वेळ गेम, पण ०-० पासून नको. १३-९ पासून सुरू करा. एकदा पुढे असलेल्याच्या बाजूनं, एकदा मागे असलेल्याच्या. आठवड्याला दोनदा १३-९ वर उभं राहिलेल्या माणसाला लीगमध्ये तो आकडा अनोळखी वाटत नाही.

चौघांना एकाच वेळी सगळं देऊ नका. ज्याची वही ‘खांदा, धावत’ म्हणते त्याला झेलण्याचा सराव, जो समोरच्याच्या सर्व्हवर किल मारतो त्याला सीलिंग, ज्याचे पाय शॉर्ट लाइनवर अडकतात त्याच्यासाठी तुटक रेघेमागे जमिनीवर चिकटपट्टीची फुली. एका महिन्यात एकाला एकच गोष्ट. या शनिवारी वही भरलीत तर चौघांचे रकाने इथं टाका, नावं नकोत. कुणाला कुठून सुरुवात करायची ते आपण बघू.