खरी बैठक गाड्यांपाशी भरते

अमेरिकेतील एका लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, सभासद असलेल्या वाचक भगिनी लिहितात : “मानवी लैंगिकतेवर आदरपूर्वक संवाद व्हावा म्हणून आमच्या मंडळीने एक गट नेमला आहे आणि त्याचे संचालन माझ्याकडे आहे. प्रत्येकाला तीन मिनिटे आणि मध्ये कोणी बोलायचे नाही, असे नियम मी घालून दिले. चार बैठका झाल्या, एकदाही कोणाचा आवाज चढला नाही. फक्त एक वयोवृद्ध सभासद दर वेळी पवित्र शास्त्रातील तेच एक वचन वाचतात आणि गप्प बसतात. त्यांच्यामुळे काहीच पुढे सरकत नाही. बैठकीनंतर आम्ही चौघी गाड्यांपाशी थोडा वेळ बोलत उभ्या राहतो. माझा मुलगा समलिंगी आहे, हे मी पहिल्यांदा तिथेच बोलले. सगळ्यांचे म्हणणे असे पडले की २०१० मध्ये बाकीचे लोक ही मंडळी सोडून गेले, तेव्हाच या गृहस्थांनीही जायला हवे होते. त्यांना गटातून बाजूला व्हायला सांगावे का?”

प्रिय भगिनी,

सांगू नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तेवढेच आहे, पण तुमच्या पत्रातले गाड्यांपाशी उभे राहण्याचे ते वाक्य, जे तुम्ही अगदी ओघात लिहून गेलात, माझ्या मनातून जात नाही. तुमच्या मंडळीतला खरा संवाद तिथे होतो आहे. आतल्या खोलीत चार संध्याकाळी तीन-तीन मिनिटे काटेकोरपणे मोजली गेली, आणि हा विषय तुमच्या इतका जिव्हारी का लागला आहे, ती एकच गोष्ट तिथे कोणालाही कळली नाही. ती बाहेर बोलली गेली, जिथे विरोधी मताचे कोणी नव्हते. तुम्ही आई आहात, मुलाचे नाव निघताच कोणाच्या कपाळाला आठी पडेल या विचाराने तुमचा घसा कोरडा पडत असेल, आणि त्याबद्दल मी तुम्हाला एका शब्दानेही बोलणार नाही. पण त्याच जागी, त्याच थोड्या वेळात, एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या पाठीमागे मंडळीतून काढून टाकले गेले, याचा मला राग आला आहे.

२०१० चा उल्लेख तुम्ही केलाच आहे, तर तो नीट पाहू. ऑगस्ट २००९ मध्ये मिनियापोलिस येथे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका या लुथरन मंडळ्यांच्या मोठ्या संस्थेच्या महासभेने मानवी लैंगिकतेवरील सामाजिक निवेदन, म्हणजे संस्थेची अधिकृत भूमिका, ६७६ विरुद्ध ३३८ मतांनी मंजूर केले. दोन-तृतीयांश मते आवश्यक होती आणि पडलीही तंतोतंत तेवढीच; एका जरी व्यक्तीने उलट मत दिले असते तरी निवेदन नामंजूर झाले असते. त्या निवेदनाने समलिंगी नात्यांविषयी एकमत झाल्याचा आव आणला नाही. असे संबंध पाप आहेत असे मानणाऱ्यांपासून त्यांना विवाहाचेच निकष लावावेत असे मानणाऱ्यांपर्यंत, चार भूमिका प्रामाणिक विवेकबुद्धीने धरल्या जातात हे त्याने लिहून ठेवले आणि एकमेकांच्या विवेकबुद्धीचा मान राखा असे सांगितले. तरीही पुढे शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या, आणि २०१० मध्ये नॉर्थ अमेरिकन लुथरन चर्च ही वेगळी संस्था उभी राहिली. तुमचे गृहस्थ गेले नाहीत. ज्यांच्याशी त्यांची मते जुळत होती ते लोक निघून गेले आणि हे त्याच बाकावर, ज्यांच्याशी जुळत नाहीत त्यांच्यासोबत, इतकी वर्षे उपासनेला बसत राहिले. का, असे त्यांना कोणी विचारले आहे का? ते कोणते वचन वाचतात, हेसुद्धा तुम्ही मला लिहिलेले नाही. चार वेळा ऐकूनही ते तुमच्या पत्रात उतरले नाही, यावरून ते किती ऐकले गेले हे मला समजते.

मार्टिन लुथर यांचा १५२९ चा लघु कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तररूपी पुस्तिका, तुमच्या घरात असेलच, कदाचित मुलाकडून तुम्ही तो पाठही करून घेतला असेल. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, या आठव्या आज्ञेचा अर्थ सांगताना लुथर निंदा टाळण्यापाशी थांबत नाहीत. शेजाऱ्याची बाजू सावरावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे ते म्हणतात. ही आज्ञा गाड्यांपाशीही लागू आहे. किंबहुना तिथेच ती पाळणे अवघड असते, कारण बैठकीत नियम आणि घड्याळ आपल्याला सांभाळून घेतात.

म्हणून पाचव्या बैठकीच्या आधी तुम्ही एकट्या त्या गृहस्थांच्या घरी जा. सोबत मैत्रीण नको, पाळकही नकोत. ते वचन त्यांच्यासाठी इतके मोलाचे का आहे आणि २०१० मध्ये ते का थांबले, एवढे विचारा. मग त्यांनी सांगितलेले तुमच्या शब्दांत त्यांनाच परत सांगा, आणि “हो, माझे म्हणणे हेच आहे” असे ते म्हणेपर्यंत उठू नका. त्यांचे मत बदलायला तुम्ही गेलेल्या नाही, हे त्यांना दारातच सांगा. तुमचे मत तुम्ही सोडावे असेही मी म्हणत नाही. मुलाच्या बाजूने तुम्ही ठाम उभे राहिलेच पाहिजे, आणि ते उभे राहणे त्या खोलीत दिसले पाहिजे. फक्त मुलाविषयी तिथे किंवा त्या गृहस्थांच्या घरी काही बोलण्यापूर्वी त्याला विचारा. त्याचे आयुष्य कोणासमोर मांडायचे हे त्यानेच ठरवायचे आहे, आणि खरे तर गाड्यांपाशी बोलण्याआधीही त्याला विचारायला हवे होते.

त्यांच्या घरून निघताना पाचव्या बैठकीला त्यांना न्यायला येऊ का, असे विचारा, आणि ते हो म्हणाले तर परत घरीही तुम्हीच सोडा. त्या रात्री मैत्रिणी गाड्यांपाशी थांबल्या, तरी तुमच्या शेजारच्या सीटवर ते बसलेले असतील.