फ्रीजमधल्या बियांना मोड आले, पुढे काय?

प्रश्न : खाल्लेल्या सफरचंदाच्या बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. अडीच महिन्यांनी काहींना मोड आलेत. आता त्या लावायच्या कशा? आणि झाडाला तेच सफरचंद लागेल ना?

उत्तर : आधी मोडांचं बघू, ते थांबणार नाहीत. मोड अर्धा-एक सेंटिमीटरचा झाला की बी लगेच मातीत लावा. उशीर झाला तर मूळ कागदात शिरतं आणि सोडवताना तुटतं. मोडाचं टोक खाली ठेवा, बी जेमतेम एक सेंटिमीटर खोल. सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून उथळ ट्रे नको, खोल कुंडी घ्या. आधी दोन जाडसर, गुळगुळीत पानं दिसतील, मग कातरलेल्या कडांची खरी पानं फुटतील. तोवर पाणी अगदी बेतानं. मातीलगतचा देठ बारीक होऊन काळा पडला, रोप आडवं झालं, तर ती बुरशीची मर आहे. ते रोप वाचत नाही. बाकीच्यांचं पाणी लगेच कमी करा.

आता फळाचं. तेच सफरचंद लागणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. सफरचंदाला सहसा दुसऱ्या जातीचा पराग लागतो, त्यामुळे एकाच फळातल्या बियांचीही झाडं वेगवेगळी निघतात. बहुतेक फळं लहान, आंबट किंवा तुरट असतात. म्हणूनच नावाजलेल्या जाती कलमानंच वाढवतात. पण त्यातल्या कित्येकींचं पहिलं झाड बीपासूनच आलेलं असतं. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं सफरचंद ऑस्ट्रेलियात मारिया अ‍ॅन स्मिथ यांच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपाचं. ही गोष्ट 1868 च्या सुमाराची. मला बीचं झाड आवडतं ते यासाठीच. तुमच्या रोपासारखं दुसरं झाड जगात कुठेही नसेल.

पहिलं फळ यायला सहा ते दहा वर्षं धरा. झाड लहान राहावं म्हणून सारखा शेंडा खुडू नका, त्यानं फळ आणखी लांबतं. कोवळ्या वयात काटेरी फांद्या आल्या तर रानटी समजून उपटूही नका, बीच्या रोपाला त्या येतात. हिवाळा पुरेसा थंड नसेल तर मात्र फुलं कमी आणि मागेपुढे येतील.

इतकं थांबायचं नसेल तर खोड पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर त्यावर आवडत्या जातीचं कलम बांधा, फळ लवकर येईल. मी तुमच्या जागी असते तर एका रोपावर कलम केलं असतं आणि दुसरं तसंच वाढू दिलं असतं. दोन्ही एका वेळी फुलली, तर परागाचीही सोय होते.